यंत्र चुकले तर जबाबदार कोण?

गाडीखाली माणूस सापडला तर दोष कोणाचा, असे कोणी विचारले तर आपण लगेच सांगू : हाकणाराचा, नाहीतर मालकाचा. गाडीचा दोष असे कोणी म्हणणार नाही. गाडीला काय कळते? पण हे उत्तर वाटते तितके जुने नाही आणि तितके पक्केही नाही. माणसाने नवे यंत्र हाती घेतले की हा धडा त्याला पुन्हा गिरवावा लागतो, आणि बहुतेक वेळा त्याची किंमत यंत्राच्या अगदी जवळ उभ्या असलेल्या साध्या माणसाने मोजलेली असते.

आज हा प्रश्न पुन्हा उभा आहे. रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा ठेवावा लागतो. बँकेत हिशेब संगणकावर असतो. आता त्यापुढचे पाऊल म्हणजे ज्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात ते. हजारो-लाखो जुनी उदाहरणे दाखवून यंत्राला अंदाज बांधावयास शिकवितात. हा कर्जदार पैसे फेडील का, या छातीच्या फोटोत क्षय दिसतो का, हा अर्ज खरा की खोटा, असे प्रश्न त्याला घालतात. इस्पितळ, वीज, बँक, न्यायालय अशा ठिकाणी त्याचा अंदाज चुकला, तर माणसाचे आयुष्य उलटेपालटे होऊ शकते. मग जाब कोणाला विचारावयाचा? हा प्रश्न नवा वाटतो, पण त्याला दोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो आज आपण पाहू.

इंग्लंडात जुन्या काळी एक विलक्षण कायदा होता. गाडीच्या चाकाखाली माणूस मेला, किंवा बैलाने शिंग मारून कोणाचा जीव घेतला, तर ती गाडी किंवा तो बैलच दोषी धरीत. पंच बसत, त्या वस्तूची किंमत ठरवीत, आणि ती किंमत राजाच्या खजिन्यात जाई. या दंडाचे नाव डिओडँड. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ ‘देवाला द्यावयाचे’ असा आहे. हा पैसा धर्मकार्याला लागावा अशी मूळ कल्पना. गंमत अशी, की ज्याच्या घरचा कर्ता माणूस गेला, त्या घराला यातला छदामही मिळण्याचा हक्क नव्हता.

बैलगाडीच्या जमान्यात हे कसेबसे चालून गेले. मग आगगाडी आली. १८३० साली लिव्हरपूल ते मँचेस्टर हा रेल्वेमार्ग सुरू झाला आणि उद्घाटनाच्याच दिवशी विल्यम हस्किसन हे पार्लमेंटचे सभासद इंजिनाखाली सापडून मरण पावले. १८४१ च्या डिसेंबरात सॉनिंग गावाजवळच्या खोदाईत दरड कोसळली, गाडी तीवर आदळली, आणि उघड्या वाघिणींत बसलेली गरीब माणसे बाहेर फेकली जाऊन नऊजण दगावले. पंचांनी इंजिन आणि डब्यांवर हजार पौंडांचा डिओडँड बसविला. लोकांचा राग त्या आकड्यात दिसतो. पण इंजिनाला दंड करून साधले काय? रूळ कोणी तपासला नाही, वाघिणी उघड्या का ठेवल्या, हे प्रश्न त्या दंडाने सुटले नाहीत.

शेवटी १८४६ साली पार्लमेंटने दोन कायदे एकाच वेळी केले. एकाने डिओडँड मोडीत काढला. दुसऱ्याने, ज्याच्या हयगयीमुळे माणूस दगावला त्याच्याकडून भरपाई मागण्याचा हक्क मृताच्या कुटुंबाला दिला. म्हणजे बोट वस्तूवरून निघाले आणि ती चालविणाऱ्या माणसावर, कंपनीवर टेकले. आपल्याकडे मुंबई ते ठाणे पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५५ साली, याच धर्तीचा कायदा हिंदुस्थानात झाला.

पण अपघात झाल्यावर भरपाई देणे हा निम्माच उपाय झाला. अपघात होण्यापूर्वी काय? त्यासाठी बॉयलरची गोष्ट पाहू. ही आपल्या ओळखीची आहे, कारण साखर कारखान्याच्या परिसरात राहणाऱ्यांना बॉयलर म्हणजे काय हे सांगावयास नको. वाफ कोंडून धरणारे ते भांडे फुटले तर आसपासच्या माणसांचा ठाव लागत नाही. १८६३ साली कलकत्त्यात असाच मोठा स्फोट होऊन अनेक माणसे मेली. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. इतर प्रांतांनीही आपापले कायदे केले, आणि १९२३ साली सबंध देशासाठी एक कायदा झाला. आता त्याची जागा २०२५ च्या नव्या बॉयलर कायद्याने घेतली आहे.

१९२३ च्या त्या कायद्याची रचना शिक्षक मित्रांनी मुलांना जरूर समजावून सांगावी, इतकी ती साधी आणि शहाणपणाची होती. प्रत्येक बॉयलरला नोंदणी क्रमांक, आणि तो बॉयलरवर कोरलेला. वाफेचा दाब किती ठेवावयाचा हे प्रमाणपत्रात लिहिलेले. ठरलेल्या मुदतीने सरकारी निरीक्षकाची तपासणी. बॉयलर सांभाळणारा माणूस परीक्षा दिलेला. आणि अपघात झाला तर चोवीस तासांच्या आत त्याची खबर. बॉयलर विश्वासू आहे का, असे या कायद्याने विचारलेच नाही. मालक कोण, सांभाळणारा कोण, तपासणारा कोण, एवढेच विचारले, आणि प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरात एका माणसाचे नाव लिहून घेतले.

आता विसाव्या शतकाच्या अखेरीस या. आगगाडी आणि बॉयलर यांवरून शहाणपण शिकलेला तोच इंग्लंड देश संगणकाच्या बाबतीत हा धडा विसरला. ही गोष्ट खेड्यापाड्यांतली आहे आणि पोस्टाची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ब्रिटनमध्ये लहान गावांतले पोस्ट बहुधा एखाद्या दुकानातच असते. दुकानदार हाच उप-पोस्टमास्तर. तिकिटे विकायची, पेन्शन वाटायचे, आणि त्याचा हिशेब द्यायचा. हिशेबात तूट आली तर ती त्याने पदरची भरून द्यावी, असे पोस्ट ऑफिस त्याला सांगे. १९९९ पासून या सगळ्या पोस्टांत ‘होरायझन’ नावाची संगणक-व्यवस्था बसविण्यात आली. ती फुजित्सु या जपानी कंपनीच्या ब्रिटनमधील शाखेने तयार केली होती. लवकरच गावोगाव एकच प्रकार घडू लागला. पेटीत पैसे बरोबर, व्यवहार बरोबर, पण संध्याकाळी संगणक सांगे की इतके पौंड कमी आहेत.

एक उदाहरण पाहा. स्कॉटलंडात डॅलमेलिंग्टन नावाचे गाव आहे. २०१५ साली तेथल्या पोस्टातून जवळच्या लहान केंद्राला आठ हजार पौंड रोकड पाठविल्याची नोंद करताना पडदा अडकला. पुन्हा कळ दाबली, पुन्हा दाबली, आणि यंत्राने तीच रक्कम चार वेळा लिहून घेतली. झाले! आठ हजारांचे बत्तीस हजार झाले, आणि चोवीस हजारांची तूट कागदावर उभी राहिली. पैसा कोठेच गेला नव्हता. गेली होती ती यंत्राची अक्कल. या प्रसंगी चूक उघडकीस आली. पण त्याआधीच्या पंधरा वर्षांत शेकडो ठिकाणी ती उघडकीस आली नाही.

पोस्टमास्तर मदतीसाठी फोन करीत. अनेकांना उत्तर मिळे, ‘असे फक्त तुमच्याकडेच होते आहे.’ दुसऱ्या गावी, तिसऱ्या गावीही तेच उत्तर. त्यामुळे प्रत्येकजण एकटा पडला. कोणी घर गहाण टाकून पैसे भरले, कोणी सासू-सासऱ्यांकडून उसने आणले. नाही भरले त्यांच्यावर चोरीचे आणि खोट्या हिशेबाचे खटले. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक माणसांना शिक्षा झाल्या, आणि त्यांपैकी बहुतेकांवर फिर्याद करणारे पोस्ट ऑफिस स्वतःच होते. दोनशेहून अधिक जण तुरुंगात गेले. भारतीय वंशाची एक पोस्टमास्तरीण तर गरोदर असताना तुरुंगात गेली. गावात ज्याच्या दुकानात रोज चार माणसे टेकत, त्याच्याकडे पाहून लोक रस्ता बदलू लागले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसे झाले. येथे तर चोर मुळात नव्हताच.

तुम्ही म्हणाल, न्यायालये होती ना? न्यायाधीशांना हे कसे कळले नाही? याचे एक उत्तर कायद्याच्या एका कलमात आहे. १९८४ च्या इंग्लिश कायद्याप्रमाणे, फौजदारी खटल्यात संगणकाचा कागद पुरावा म्हणून पुढे करावयाचा, तर यंत्र नीट चालत होते हे आधी दाखवावे लागे. हे फार किचकट आहे, खटले अडतात, अशी तक्रार झाली, आणि १९९९ च्या कायद्याने ते कलम काढून टाकले. त्यानंतर न्यायालयाने यंत्र नीट चालत होते असेच गृहीत धरावे, आणि ज्याला ते नाकबूल असेल त्याने काहीतरी पुढे आणावे, असे झाले. आता सांगा, गावच्या दुकानदाराने काय पुढे आणावयाचे? यंत्राचे पोट त्याने कधी पाहिलेले नाही. दोषांच्या नोंदी पोस्टाकडे आणि कंपनीकडे. त्या मागितल्या तर मिळत नाहीत. ज्याच्या हाती किल्ली त्याने कुलूप उघडू नये, आणि बाहेर उभ्या असलेल्याला विचारावे की आत काय आहे ते सिद्ध कर, असा हा न्याय.

वेल्समधल्या लँडिड्नो गावाजवळचे ॲलन बेट्स हे असेच एक उप-पोस्टमास्तर. २००३ साली त्यांचे पोस्ट काढून घेण्यात आले. त्यांनी एकेक करून बाकीचे शोधले आणि २००९ साली संघटना उभी केली. ‘फक्त तुमच्याकडेच’ हे उत्तर खोटे ठरले ते तेथे. पुढे ५५५ जणांनी मिळून दिवाणी दावा लावला. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला, की व्यवस्थेत दोष होते, त्यांमुळे तुटी दिसू शकत होत्या, आणि फुजित्सुचे लोक दूर बसून पोस्टमास्तराच्या नकळत त्याच्या हिशेबात बदल करू शकत होते. म्हणजे खतावणी ज्याच्या नावाची, त्याला पत्ता नाही, आणि तिजवर दुसऱ्याच कोणाचा हात!

एप्रिल २०२१ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने एका दिवशी ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या. मे २०२४ मध्ये तर पार्लमेंटने कायदाच करून उरलेल्या शेकडो शिक्षा एकदम पुसल्या. असा कायदा ही इंग्लंडच्या इतिहासात अपूर्व गोष्ट होय. पण जुलै २०२५ मध्ये चौकशी आयोगाच्या अहवालाचा पहिला भाग आला, त्यात किमान तेरा माणसांनी या छळापायी जीव दिला असावा असे नमूद आहे. त्यांना निर्दोष ठरविणारा कायदा त्यांच्यापर्यंत पोचला नाही.

येथे आपल्या देशाची एक नोंद करावी. इंग्लंडने ते कलम काढले आणि त्याच सुमारास, २००० साली, आपण आपल्या पुराव्याच्या कायद्यात ६५-ब हे कलम घातले. मूळ यंत्रच न्यायालयात आणले नसेल, तर त्यातून काढलेल्या नकलेसोबत प्रमाणपत्र हवे, आणि त्यावर त्या यंत्राच्या कारभाराशी संबंध असलेल्या जबाबदार माणसाची सही हवी. या कलमावरचा एक महत्त्वाचा निवाडा महाराष्ट्रातल्याच एका भांडणातून निघाला. २०१४ सालच्या जालना विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर घेतला की आधी, असा वाद होता आणि पुरावा होता निवडणूक कचेरीतल्या चित्रीकरणाचा. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की असे प्रमाणपत्र आवश्यकच आहे. मात्र ज्याच्या ताब्यात यंत्र आहे तो ते देत नसेल, तर न्यायालयाने त्याच्याकडून मागवून घ्यावे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमात हीच तरतूद ६३ व्या कलमात आहे आणि तेथे तज्ज्ञाची सहीही लागते. आता एका सहीने यंत्र शहाणे होत नाही हे खरे. पण जाब विचारावयाला एक नाव मिळते, आणि ते लहानसहान नव्हे.

होरायझन ही तशी जुन्या पद्धतीची व्यवस्था. तिचे नियम माणसांनी ओळीओळीने लिहिलेले होते, म्हणून खटपट केल्यावर दोष बोटावर दाखविता आला. उदाहरणांवरून शिकणाऱ्या यंत्राचे तसे नाही. त्याने अमुक अर्ज संशयित का ठरविला, हे ते बनविणाऱ्यालाही पुष्कळदा सरळ सांगता येत नाही.

नेदरलँड्स देशात काय झाले पाहा. लहान मुलांच्या पाळणाघराच्या खर्चासाठी तेथे सरकार आईबापांना मदत देते. कोणाचे अर्ज तपासावेत हे ठरविण्यासाठी कर-खात्याने धोका मोजणारी व्यवस्था वापरली, आणि अर्जदार डच नागरिक आहे की परका, हेही त्या मोजणीत धरले. हजारो कुटुंबांवर लबाडीचा शिक्का बसला. एखादी सही राहिली म्हणून वर्षांची सगळी मदत परत मागितली गेली. संसार मोडले. अखेर जानेवारी २०२१ मध्ये तेथील मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. सरकार गेले, पण ‘मला का निवडले?’ या प्रश्नाचे उत्तर त्या आईबापांना वेळेवर कोणी दिले नव्हते.

आणि खापर यंत्रावर फोडण्याची जुनी खोडही गेलेली नाही. कॅनडातल्या एका विमान कंपनीच्या संकेतस्थळावर प्रश्नांना उत्तरे देणारे यंत्र होते. आजी वारली म्हणून निघालेल्या एका प्रवाशाला त्याने सवलतीची चुकीची माहिती दिली. त्याने पैसे मागितले, तेव्हा कंपनीने लवादापुढे काय सांगावे? की आपल्या कृत्यांना ते यंत्र स्वतःच जबाबदार आहे! फेब्रुवारी २०२४ मध्ये लवादाने हे म्हणणे फेटाळले आणि कंपनीला पैसे द्यावयास लावले. रक्कम लहान होती, पण तत्त्व मोठे. १८४६ साली मोडीत निघालेला डिओडँड मागल्या दाराने आत येऊ पाहत होता, तो लवादाने दारातच अडविला.

आता कायदेही जागे होत आहेत. युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा कायदा ऑगस्ट २०२४ मध्ये अंमलात आला. त्याची कलमे टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाची आहेत. वीज-पाणी, शिक्षण, नोकरी, कर्ज, पोलीस, न्यायदान अशा ठिकाणची यंत्रे त्याने मोठ्या धोक्याची म्हणून वेगळी काढली आहेत. त्यांच्या कामाची नोंद ठेवावी, ती कशी बनविली याचे कागद असावेत, आणि यंत्राला थांबवू शकेल असा माणूस देखरेखीला असावा, अशा त्याच्या अटी आहेत. निषिद्ध ठरविलेले प्रकार केल्यास साडेतीन कोटी युरो किंवा जगभरच्या उलाढालीच्या सात टक्के, यांत जे जास्त असेल तेथपर्यंत दंड आहे. बारकाईने पाहा, हा आपला बॉयलरचाच कायदा आहे : नोंद, तपासणी, सांभाळणारा माणूस. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये बँकांसाठी, आणि केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वच क्षेत्रांसाठी, या विषयावर तत्त्वे मांडली. दोन्हींत उत्तरदायित्व हे एक सूत्र आहे. मात्र केंद्राचा कल तूर्त वेगळा कायदा न करता असलेले कायदे वापरण्याकडे आहे. तेव्हा असलेले कायदे आपल्याला माहीत हवेत.

त्यांतला एक तर अगदी हाताशी आहे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात चौथ्या कलमात एक वाक्य आहे : सरकारी कचेरीने आपल्या निर्णयाची कारणे, त्याची झळ ज्याला लागली त्याला सांगितली पाहिजेत. निर्णय कारकुनाने केला की यंत्राने, असा भेद त्यात नाही. म्हणून ‘संगणकात असे दाखवते आहे’ हे उत्तर मिळाले, की तेथून परत फिरू नका. तीन गोष्टी लेखी मागा. निर्णयाचे कारण काय, त्याला जबाबदार अधिकारी कोण, आणि दाद कोणाकडे मागावयाची. अर्जाची पोच घ्या. आणि आपल्यासारखे आणखी कोणी गावात, शेजारच्या गावात आहे का, याची चौकशी करा. ब्रिटनच्या पोस्टमास्तरांची वर्षे वाया गेली ती प्रत्येकाला आपण एकटेच आहो असे वाटले म्हणून.

शिक्षकांना एक विनंती. संगणक शिकविताना त्याचे कौतुक जरूर सांगा, त्याने फार कामे सोपी केली आहेत. पण यंत्राने दिलेले उत्तर वहीत पडताळून पाहण्याची सवयही मुलांना लावा. उद्या यांतलीच काही मुले पोस्टात, बँकेत, दवाखान्यात यंत्रापुढे बसतील. समोरचा खेडूत कळवळून सांगत असेल की हिशेब चुकला आहे, तेव्हा पडद्यावरून नजर काढून त्याच्याकडे पाहावयाचे, आणि ‘थांबा, मी तपासतो’ असे म्हणावयाचे, एवढे त्यांना आले पाहिजे.